बैठकीची खोली नव्याने मांडायची आहे : १२ × १६ ची मापं, दिवे, ओल, फळ्या आणि पडदे

तिरपी_फरशी
खोली १२ फूट × १६ फूट, उंची साडेनऊ फूट. चर्चा सोपी व्हावी म्हणून भिंतींना नावं देते. 'अ' आणि 'क' या सोळा फुटी, समोरासमोर. 'ब' बारा फुटी, बाहेरची भिंत, तिच्यात ६ फूट रुंदीची खिडकी. 'ड' तिच्या समोरची; तिच्यात 'क'च्या कोपऱ्याला लागून स्वयंपाकघराकडे जाणारी ४ फुटी कमान. मुख्य दार 'अ' भिंतीत, 'ड'च्या कोपऱ्याजवळ.

रोजचा वापर: चार-पाच जणांनी टीव्ही बघणं, मुलांचा अभ्यास, ज्येष्ठांची दुपारची बैठक. अधूनमधून दोन पाहुण्यांची झोपायची सोय.

कागदावर सध्या असं आहे:
- ५५ इंची टीव्ही 'ड' भिंतीवर, कमानीशेजारी. समोर खिडकीखाली सोफा.
- पूर्ण फॉल्स सीलिंग, त्यात १२ वॉटचे १२ दिवे.
- टीव्हीभोवती १० फुटी युनिट, १८ मिमी प्लायच्या ४ फुटी उघड्या फळ्या.
- खिडकीखाली ओल येऊन पापुद्रे सुटलेत. तिथे पॅनेल लावून झाकायचं.
- रंग ठरत नाहीये. गाडी तिथेच अडली आहे.

ओळंबा
रंगावर अडलाय म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात झाली. रंग सगळ्यात शेवटी ठरवला तरी चालतो. टीव्ही आणि सोफा कुठे हे आधी ठरलं नाही तर वायरी, दिवे, गालिचा सगळंच चुकतं.

तुमच्या आराखड्यात दारातून कमानीकडे जाणारी वाट 'ड' भिंतीला घासून जाते, म्हणजे बरोबर टीव्हीसमोरून. स्वयंपाकघरात जाणारा प्रत्येक जण पडद्याच्या आडवा येणार. दुसरं, खिडकी टीव्हीच्या अगदी समोर, तेव्हा दिवसभर काचेत खिडकीच दिसेल. तिसरं अंतर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे मागच्या भिंतीपासून सव्वादोन फुटांवर असतात. १६ मधून ते वजा केले तर पावणेचौदा फूट उरतात. इतक्या लांबून ५५ इंची पडदा नजरेचा जेमतेम १७ अंश भाग व्यापतो. बातम्यांना ठीक, सिनेमाला निदान ३० अंश हवेत.

टीव्ही 'क'वर न्या, सोफा 'अ'ला. 'ड'लगतची ३ फुटांची पट्टी येण्याजाण्यासाठी सोडून द्या, तिथे काहीच ठेवू नका. उरलेल्या १३ × १२ मध्ये बैठक. डोळ्यापासून पडदा साधारण साडेनऊ फुटांवर येतो. ३० अंशांसाठी अंतर म्हणजे पडद्याच्या तिरप्या मापाच्या १.६ पट. ६५ इंचीला ते ८ फूट ८ इंच होतं, म्हणजे ६५ इंची इथे नीट बसतो. ५५ घेतलाच असेल तर तोही चालेल, थोडा लहान वाटेल एवढंच. खिडकी आता बाजूला आली, समोर नाही.

टीव्हीचा मध्य भिंतीच्या मध्याशी जुळवू नका, सोफ्याच्या मध्याशी जुळवा. 'ड'पासून साडेनऊ फुटांवर.

रंधा
वरच्याला अनुमोदन. उंचीचं पण लिहितो, कारण नव्वद टक्के टीव्ही वर टांगलेले दिसतात. सोफ्याची बैठक १७-१८ इंच असेल तर बसलेल्याची नजर जमिनीपासून ४२ इंचांच्या आसपास असते. पडद्याचा मध्य तिथे. ६५ इंचीची उंची सुमारे ३२ इंच, म्हणजे खालची कड २६ इंचांवर. खालचं युनिट १८ इंच उंच केलंत तर मधल्या ८ इंचांत साउंडबार राहतो आणि पडद्याचा रिमोटचा डोळाही झाकला जात नाही.

आता फळ्या. ४ फुटी, १८ मिमी, पुस्तकांसाठी: वाकणार. पुस्तकांचं वजन फुटाला ९-१० किलो धरा. सारख्या भाराने भरलेल्या फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. २ फुटांची फळी ४ फुटांची केली तर बाक दुप्पट नाही, सोळापट. जाडीचा फायदा घनाने मिळतो, म्हणून १८ ची २५ मिमी केली तर बाक साधारण पावणेतीन पट कमी होतो. सोळापट भरून निघत नाही. उपाय दोन. एकतर दर अडीच फुटांवर उभी फळी. नाहीतर फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी किंवा तत्सम कठीण लाकडाची पट्टी उभी, गोंद आणि स्क्रूने. पट्टी चपटी आडवी लावली तर काही उपयोग नाही, ती उभी हवी.

पार्टिकल बोर्ड असेल तर २ फुटांच्या पुढे जाऊच नका.

लॅमिनेट एकाच बाजूला लावलं तर फळी आणि दार दोन्ही पिळतात. बाहेर १ मिमी लावलं तर आतही लॅमिनेट हवंच, पातळ चालेल. कडांना २ मिमी पट्टी, ०.८ ची पट्टी पाय लागणाऱ्या खालच्या दारांवरून लवकर सुटते.

तिरपी_फरशी
अंतराचा हिशेब केलाच नव्हता. टीव्ही 'क'वर, मान्य. मग खिडकीखालचं पॅनेल राहू दे का? आता तिथे सोफा नाही, भिंत उघडी पडणार.

कुंचला
पॅनेल अजिबात नको. ओल झाकली की ती वाळत नाही, वर चढते. वर्षभरात पॅनेलच्या वरच्या कडेला डाग दिसेल आणि मागे बुरशी असेल. वॉलपेपर आणि चकचकीत ऑइल पेंटचंही तेच.

आधी पाणी कुठून येतंय ते ओळखा. पापुद्रे खरवडून १८ × १८ इंचांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला घाम आला तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला आला तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतोय, म्हणजे दुखणं हवा खेळण्याचं.

फक्त खिडकीखालीच ओल असेल तर संशयित क्रमाने असे:
चौकट आणि भिंतीमधली फट. जुनं सीलंट सुकून सुटतं, वरवर दिसत नाही. नखाने दाबून बघा.
बाहेरच्या खिडकीच्या पट्टीचा उतार आतल्या बाजूला झालेला.
त्या पट्टीच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच नसणं. खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटावरून सरकत परत भिंतीलाच लागतं.
स्लायडिंग खिडकी असेल तर खालच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं कचऱ्याने बुजलेली. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित.

बाहेरून दुरुस्ती झाल्यावरच आत हात घाला. ओल दिसते त्याच्या पलीकडे चारी बाजूंनी १ फूट गिलावा काढून टाका, विटा उघड्या ठेवा. ढोबळ नियम: भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला महिना. पांढरे क्षार फुलले तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात. नवा सिमेंट गिलावा केल्यावर २८ दिवस थांबा, मग क्षाररोधक प्रायमर. घाईत पुट्टी मारली की पहिल्याच पावसाळ्यात फुगे.

लोलक
दिव्यांबद्दल. १२ वॉटचे १२ एलईडी म्हणजे वॉटला ९० लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) धरून सुमारे १३,००० लुमेन. खोली १७.८ चौरस मीटर. भिंती, छत, काचा यांत निम्म्याच्या आसपास हरवतात असं धरलं तरी ४०० लक्स (दर चौरस मीटरवर पोचणारे लुमेन) पडतात. तो उजेड ऑफिसचा झाला. बैठकीला सरसकट १५० लक्स पुरे: १५० × १७.८ ÷ ०.५५ (हरवून उरणारा वाटा), म्हणजे साधारण ४,९०० लुमेन. ९ वॉटचे ६ दिवे झाले. बाकी उजेड जिथे हवा तिथे वेगळा.

मुलांच्या टेबलावर ५०० लक्स लागतात, ते टेबल लॅम्पने द्या. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डाव्या बाजूला, डावखुऱ्याला उजव्या. नाहीतर हाताची सावली वहीवर. ज्येष्ठांच्या खुर्चीमागे उभा दिवा ठेवा, शेडची खालची कड बसलेल्याच्या नजरेच्या उंचीला. साठीच्या डोळ्याला वाचायला विशीच्या डोळ्यापेक्षा खूप जास्त प्रकाश लागतो, पण तोच डोळा चकाकीने लवकर दिपतो. म्हणून सगळी खोली उजळवण्यापेक्षा पुस्तकावर उजेड आणा.

रंगछटा सगळीकडे एकच, ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा वर. एका खोलीत पिवळे आणि पांढरे मिसळले की रंगवलेली भिंत दोन रंगांची दिसते आणि दोष रंगाऱ्याला जातो. अपवाद एकच: टीव्हीच्या मागची पट्टी. ती ६५०० केल्विन, म्हणजे पांढरी, आणि अगदी मंद हवी, कारण पडद्यावरचा पांढरा त्याच छटेचा असतो. रंगीबेरंगी पट्टी लावली तर पडद्यावरचे रंग डोळ्याला चुकीचे दिसतात.

दिवा सोफ्याच्या बरोबर डोक्यावर नको. चेहऱ्यावर सावल्या पडतात आणि मान मागे टेकवली की डोळ्यात जातो. भिंतीपासून दोन ते अडीच फुटांवर रांग घ्या म्हणजे उजेड भिंतीवरून खाली येतो.

पंखा आहे ना? १२०० मिमी पात्यांच्या पंख्याच्या घेराबाहेर निदान १ फूट सोडून दिवे घ्या. पात्याच्या वर दिवा आला की उजेड थरथरतो. डोकं दुखायला लागतं आणि कारण महिनोन् महिने कळत नाही.

तिरपी_फरशी
पंखा आहे, छताच्या मध्यभागी. मग फॉल्स सीलिंग?

ओळंबा
माझं मत: नको. साडेनऊ फुटांत ते मावतं, पण मिळत काय? वायरी लपवायला छताला खाच पाडण्याऐवजी पाच इंच उंची द्यायची.

लोलक
इथे असहमत. पूर्ण नको हे बरोबर, पण जुन्या स्लॅबमध्ये सहा नवे पॉइंट न्यायला खाचा पाडणं हा त्याहून वाईट मार्ग. सळई उघडी पडते. 'अ' आणि 'क' या दोन लांब भिंतींना लागून दीड फूट रुंद, ५ इंच खोल पट्टा घ्या. दिवे त्यात भिंतीपासून एका फुटावर येतील, अडीच फूट मिळणार नाहीत. म्हणून रुंद झोताचे घ्या, अरुंद झोताने भिंतीवर कमानी उमटतात. पंखा मूळ स्लॅबच्या हुकालाच राहील. जिप्समच्या सांगाड्याला पंखा कधीही टांगू नका.

लपवलेली एलईडी पट्टी करणार असाल तर २४ व्होल्टची घ्या. १२ व्होल्टची ५ मीटरवर शेवटाकडे मंद दिसते. मीटरला ९.६ वॉट असेल तर ५ मीटरला ४८ वॉट. ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) ६० वॉटचा, काठोकाठ नाही. पट्टी ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवा, नुसत्या जिप्समवर चिकटवली तर तापून गोंद सुटतो आणि एक टोक लोंबकळतं. ड्रायव्हर हात पोचेल अशा जागी. सगळ्यात आधी तोच जातो.

ओळंबा
दोन पट्टे चालतील. मात्र 'ब'वर पडद्यासाठी ६ इंच रुंद मोकळी खाच सोडा. दोन ट्रॅक असतील तर रुंदी ८ इंच. तो पट्टा खिडकीच्या भिंतीला चिकटला की पडदा टांगायला जागाच उरत नाही.

जिप्समच्या जोडावर कागदी टेप आणि जॉइंट कंपाउंड झालंच पाहिजे. नुसती पुट्टी भरली तर सहा महिन्यांत सरळ रेषेत तडा.

कानोसा
वायरींकडे कोणी वळलं नाही म्हणून. टीव्हीपासून खालच्या युनिटपर्यंत भिंतीत ५० मिमी पाइप टाका. २५ मिमीच्या पाइपात एचडीएमआयची वायर जाते, तिचं टोक वळणावर अडतं. पाइपात दोरी ओढून ठेवा, पुढच्या वायरीसाठी. ५ मीटरपर्यंत साधी तांब्याची वायर बहुतेक चालते, पुढे ऑप्टिकल घ्यावी लागते. तिला दिशा असते, उपकरणाकडचं टोक उपकरणालाच. उलटी ओढली तर पुन्हा काढावी लागते.

टीव्हीमागे २ पॉइंट, युनिटमध्ये ५ पॉइंट आणि एक नेटवर्क पॉइंट. टीव्हीमागचा बोर्ड मध्यापासून ८-१० इंच बाजूला, नाहीतर नेमका ब्रॅकेटखाली येतो. आणि आत खोल बसणारा बोर्ड घ्या. चपट्या ब्रॅकेटमागे इंच-दोन इंच जागा असते, साध्या प्लगचं डोकं तिथे मावत नाही. वीज आणि नेटवर्कच्या वायरी समांतर नेताना ६ इंच अंतर, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात.

सोफ्याच्या हाताच्या बाहेर, २ फुटांवर चार्जिंगचा पॉइंट. सोफ्यामागे दिलेला पॉइंट वापरलाच जात नाही. दिव्यांना दाराशी आणि सोफ्याशी असे दोन्हीकडून चालणारे स्विच.

आवाजाचं: फरशी, काच, मोकळ्या भिंती अशा खोलीत एकदा टाळी वाजवा. टणत्कार आला तर संवाद कळणार नाहीत, आवाज वाढवत राहाल. पातळ फोमचे तुकडे लावू नका, ते फक्त वरचे सूर खातात आणि खोली घुमतच राहते. जाड गालिचा, दुप्पट चुण्यांचा पडदा आणि भरलेली पुस्तकांची फळी यांनी बराच फरक पडतो.

सुईदोरा
गालिचा आणि पडदे.

सोफा ७ फुटी धरते. गालिचा ९ × ६, नऊची बाजू सोफ्याला समांतर, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर ८ इंच. मधे तरंगणारा ६ × ४ घेतला तर पायपुसणं वाटतं. घेण्याआधी त्या मापाचं वर्तमानपत्र जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्यावरून चाला. पाहुण्यांसाठी सोफा उघडून पलंग होणार असेल तर केस १० मिमीहून आखूड, नाहीतर पलंगाचे पाय अडकतात.

उघडल्यावर तो पलंग भिंतीपासून साडेसात फूट खातो. युनिट १६ इंच खोल असेल तर वाट ३ फूट २ इंच उरते. पुरेशी आहे, पण मधलं टेबल एका माणसाने उचलण्याजोगं हवं. एरवी ते सोफ्यापासून १६ इंचांवर.

पडद्याचा गज खिडकीहून दोन्ही बाजूंना १ फूट जास्त, म्हणजे ८ फुटी. दुप्पट चुण्यांना कापड १६ फूट रुंद. ५४ इंची पन्ह्याचे ४ पन्हे. गज ८ फूट उंचीवर, पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर, दुमडीला मिळून १ फूट: पन्ह्याला ९ फूट, एकूण ३६ फूट, म्हणजे १२ वार. मोठी नक्षी असेल तर प्रत्येक पन्ह्याला एक नक्षी जास्त धरा. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा घोट्याच्या वर जातो.

ब्लाइंड्स लावणार असाल आणि घरात लहान मूल असेल तर लोंबणाऱ्या दोरीचा फास होऊ शकतो. दोरी नसलेला प्रकार घ्या.

तिरपी_फरशी
वाचनखूण साठवली. आता तरी रंग?

कुंचला
आता हो. भिंतींचा घेर ५६ फूट × साडेनऊ = ५३२ चौरस फूट. खिडकी २७, कमान २८, दार २१ वजा केले की ४५६. एका हाताला लिटरमागे १२० चौरस फूट धरून दोन हातांना ७.६, म्हणजे ८ लिटर. छत वेगळं, साधारण ३.२५ लिटर. डबे दोन असतील तर एका बादलीत एकत्र करा, एकाच क्रमांकाच्या दोन डब्यांतही छटा किंचित सरकते.

'अ' आणि 'क'वर खिडकीचा उजेड तिरपा घासून जाणार. तिथे चमक असलेला रंग घेतलात तर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसेल. मॅट घ्या. आणि पहिल्या हाताआधी रात्री बॅटरी भिंतीला समांतर धरून फिरवा, दोष तेव्हाच सापडतात. टीव्हीमागची 'क' गडद केली तर पडदा डोळ्याला कमी टोचतो. गडद रंगाला मात्र रंगीत प्रायमर किंवा तिसरा हात लागतो.

नमुना थेट भिंतीवर मारू नका, जुना रंग डोळ्याला फसवतो. २ फुटी चौकोनी पुठ्ठ्यावर दोन हात, चारी बाजूंनी पांढरी कड. तो 'ब'वर आणि 'क'वर ठेवून सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लावून बघा. ३००० केल्विनखाली राखाडी बऱ्याचदा मळकट दिसतो.

रंधा
क्रम चुकवू नका: तोडफोड आणि ओल, मग भिंतीतल्या वायरी आणि पाइप, गिलावा, छताचे पट्टे, पुट्टी-प्रायमर, रंगाचा पहिला हात, सुतारकाम, दिवे, शेवटचा हात, मग पडदे. पहिला हात सुतारकामाआधी, कारण युनिटमागे नंतर ब्रश जात नाही. शेवटचा नंतर, कारण भुसा आणि ओरखडे टळत नाहीत.

उंच कपाट असेल तर वरच्या कडेला भिंतीत दोन स्क्रू घालून बांधाच. मूल खालच्या खणावर चढलं की ते पुढे झुकतं.

तिरपी_फरशी
शेवटची शंका. 'ब' वाळायला काही महिने लागणार असतील तर तोवर सगळं काम थांबवायचं?

कुंचला
नाही. 'अ', 'क', 'ड' आणि छत पूर्ण करा. 'ब'वर खिडकीच्या तळाच्या रेषेच्या वर रंगवा, खाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उघडं सोडा. ठिगळासारखा चौकोन सोडलात तर नंतरचा जोड दिसेल. पूर्ण पट्टा असला की सांधा खिडकीच्या रेषेत लपतो. भिंतीपासून ३ इंचांत काही टेकवू नका आणि तळाची पट्टीही तेवढी लावू नका, हवा लागू द्या. त्याच मिसळणीतला दीड लिटर रंग लहान डब्यात काठोकाठ भरा, झाकणावर तारीख आणि भिंत लिहा, झाकण ठोकून बसवा.